वेटेड ब्लँकेट : कोणत्या वयाला किती वजनाचं?

प्रश्नचिन्ह

वेटेड ब्लँकेट, म्हणजे झोप शांत लागावी म्हणून आत मणी किंवा दाणे भरून मुद्दाम जड केलेलं पांघरूण, घ्यायचं ठरतंय, पण वजनाचा हिशेब काही केल्या जुळत नाही. जिकडेतिकडे एकच सूत्र वाचायला मिळतं : शरीराच्या वजनाच्या दहा टक्के. समजा वापरणारे पाच जण आहेत. ५ वर्षांचा मुलगा (१८ किलो), १३ वर्षांची मुलगी (४४ किलो), दोन प्रौढ (५८ आणि ९६ किलो) आणि ७६ वर्षांच्या आजी (४५ किलो). या सगळ्यांना हेच सूत्र लावायचं का? तसं केलं तर तेरा वर्षांच्या मुलीला आणि आजींना जवळपास सारख्याच वजनाचं ब्लँकेट येतं. ते मनाला पटत नाही.

आणखी तीन शंका. मुलं वाढती आहेत म्हणून थोडं जडच घेऊन ठेवावं का? दोघांच्या बेडवर एकच मोठं चालेल का? आणि आतलं भरण काचेच्या मण्यांचं बरं की प्लास्टिकच्या दाण्यांचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

झटपट

उगाच डोकेफोड नको. दहा टक्के, त्यात हवं तर अर्धा-एक किलो इकडेतिकडे. सगळे तेच सांगतात आणि तेवढं पुरतं.

तराजू

@झटपट, नुसत्या किलोंवरून काहीच ठरत नाही. ते किलो किती क्षेत्रफळावर पसरलेत हे बघावं लागतं.

७ किलोचं ब्लँकेट १२० × १८० सेंमीचं असेल तर क्षेत्रफळ २.१६ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३.२ किलो. तेच ७ किलो १५० × २०० सेंमीत असतील तर चौरस मीटरला २.३ किलो. दोन्हींच्या लेबलवर '७ किलो' असंच छापलेलं असतं. पण पाठीवर झोपलेल्या माणसाचं अंग अर्धा मीटर रुंद आणि खांद्यापासून पावलांपर्यंत दीड मीटर लांब धरलं, तर पहिल्या ब्लँकेटचे जवळपास २.४ किलो अंगावर येतात आणि दुसऱ्याचे जेमतेम पावणेदोन. उरलेलं वजन गादीवर पडून असतं. 'जड घेतलं तरी काही जाणवत नाही' अशी तक्रार करणाऱ्यांकडे बहुधा अवाढव्य आकाराचं ब्लँकेट असतं.

त्यामुळे आधी माप ठरवा, मग वजन. लांबी खांद्यापासून पावलांपर्यंत, वर एखादी वीत जास्त. रुंदी झोपणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना ३०-३५ सेंमी पुरते. ब्लँकेट बेडच्या कडेवरून खाली लोंबायला लागलं की लोंबणारा भाग उरलेल्याला ओढतो आणि मध्यरात्रीपर्यंत सगळं जमिनीवर.

स्पर्शरेषा

तराजूंचा हिशेब अगदी बरोबर आहे, पण त्याच्याही आधीचा प्रश्न वयाचा आहे. काही वयांत हे वापरायचंच नसतं, तिथे टक्केवारी काढण्यात अर्थ नाही.

तान्ह्या बाळांना अजिबात नाही. ब्लँकेट नाही, वजन घातलेली झोपण्याची पिशवी नाही, वजन घातलेलं दुपटंही नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०२२ च्या सुरक्षित झोपेच्या शिफारशींत हे स्पष्ट लिहिलं आहे : वजन घातलेली अशी कोणतीही वस्तू झोपलेल्या बाळाच्या अंगावर किंवा जवळ ठेवू नये. बाळाच्या बरगड्या लवचीक असतात, त्यामुळे छातीवरच्या थोड्याशा दाबानेही श्वासाचे कष्ट वाढतात. आणि तोंडावर आलेलं कापड त्याला बाजूला करता येत नाही. बाळ आई-वडिलांच्याच बेडवर झोपत असेल तर मोठ्यांनीही त्या बेडवर वेटेड ब्लँकेट घेऊ नये.

त्यापुढे साधारण शाळेत जाण्याच्या वयापर्यंत रात्रीच्या झोपेसाठी देऊ नये असं माझं ठाम मत आहे. अनेक उत्पादक तीन वर्षांची किंवा वीस-बावीस किलो वजनाची किमान अट छापतात. दोन्ही अटी छापलेल्या असतील तर दोन्ही पूर्ण व्हायला हव्यात. म्हणजे तुमच्या १८ किलोच्या मुलाला बहुतेक ब्लँकेट उत्पादकाच्याच सूचनेनुसार चालणार नाहीत.

मग पाच वर्षांच्या मुलाला काय? मांडीवर ठेवायची छोटी वजनदार गादी, म्हणजे लॅप पॅड. साधारण ३० × ४५ सेंमी, वजन एक किलोच्या आसपास. गोष्ट ऐकताना, चित्र काढताना, झोपेआधी बसल्या बसल्या पंधरा-वीस मिनिटं. मोठं माणूस समोर असताना वापरायची आणि मूल आडवं झालं की काढून ठेवायची.

सहा-सात वर्षांपुढे ब्लँकेटचा विचार होऊ शकतो, पण सुरुवात पाच टक्क्यांपासून करावी आणि दहा टक्क्यांवर थांबावं. काही जण सांगतात तसा 'दहा टक्के अधिक एक किलो' हा हिशेब लहानांना लावू नये. २२ किलोच्या मुलाला त्याने ३.२ किलो येतात, म्हणजे त्याच्या वजनाच्या जवळपास पंधरा टक्के.

टक्केवारी काहीही येवो, निर्णय एका चाचणीवर घ्यावा. मुलाला पाठीवर झोपवायचं, ब्लँकेट खांद्यापर्यंत, दोन्ही हात आत. मग सांगायचं, 'काढून टाक.' कुणाच्याही मदतीशिवाय, न चिडता, दोन-चार सेकंदांत ते बाजूला झालं पाहिजे. नंतर कुशीवर झोपवून पुन्हा, आणि संध्याकाळी मूल दमलेलं असताना पुन्हा. यातल्या एकाही वेळी अडलं तर ब्लँकेट त्याच्यासाठी जड आहे. सूत्र काय म्हणतं याला मग किंमत नाही.

कापूसकोंडा

वाचनखूण साठवली. 'काढून टाक' म्हटल्याबरोबर काढून टाकण्याचा सराव घरातल्या मुलांना पांघरुणाच्या बाबतीत जन्मजात असतो, तेव्हा चाचणीला विद्यार्थी तयार आहेत :)

सुईदोरा

@स्पर्शरेषा, चाचणीला जोरदार अनुमोदन. त्यात खोळीची भर घालते, कारण मुलांच्या बाबतीत काही फार वाईट अपघात वजनाने नाही, खोळीने झाले आहेत.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मुलांसाठीची सुमारे २ लाख ४ हजार वेटेड ब्लँकेट परत मागवली गेली. ६ आणि ४ वर्षांच्या दोन मुली आत अडकून गुदमरल्या होत्या. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने दिलेलं कारण असं, की लहान मूल चेन उघडून आत शिरू शकतं आणि मग त्याला बाहेर येता येत नाही. एका बाजूने चेन असलेली खोळ म्हणजे मुलाच्या दृष्टीने मस्त गुहा. साध्या रजईच्या खोळीत शिरलेलं मूल बहुतेक वेळा धडपडून बाहेर येतं. इथे मात्र कापड अंगावरून उचललं जात नाही आणि तोंडाची बाजूही सापडत नाही.

म्हणून लहानांच्या ब्लँकेटला चेनवाली वेगळी खोळ नकोच. मणी असलेले कप्पे आणि बाहेरचं कापड एकत्र शिवलेलं, चारही कडा बंद, असंच घ्यावं. आधीच चेनवाली खोळ असेल तर धुऊन परत चढवल्यावर तोंड हाताने टाके घालून बंद करून टाकावं. चेनचा सरकता तुकडा काढून ठेवणं पुरेसं नाही. दाते ओढले की उघडतात.

शुश्रूषा

मुलांबाबत आणखी एक. कुणालाही त्यात गुंडाळायचं नाही. २००८ मध्ये कॅनडातल्या क्विबेक प्रांतात ऑटिझम (स्वमग्नता) असलेला ९ वर्षांचा मुलगा शाळेत वेटेड ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या अवस्थेत दगावला. डोकंही झाकलेलं होतं. 'शांत बसत नाही' म्हणून शिक्षा किंवा आवर घालण्यासाठी ब्लँकेट वापरणं, गुंडाळी करणं, वर आणखी उशा रचणं, हे कुठल्याच वयात चालत नाही. डोकं आणि मान कायम उघडी.

आता आजींबद्दल, कारण वृद्धांबाबत मुलांइतकंच जपावं लागतं आणि त्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं.

७६ व्या वर्षी ४५ किलो म्हणजे स्नायू बेताचेच असणार. तेरा वर्षांची ४४ किलोची मुलगी झोपेतही पाय झाडून ब्लँकेट भिरकावून देते. आजींना कूस बदलतानाच ते आड येतं. दोघींचं वजन सारखं असलं तरी ताकद सारखी नाही, त्यामुळे तुम्हाला जे पटत नव्हतं ते बरोबरच होतं. वृद्धांना पाच टक्क्यांच्या आसपास ठेवा. इथे २ ते सव्वादोन किलो होतात. तेही पूर्ण लांबीचं नको. कमरेपासून घोट्यांपर्यंत येईल एवढं, साधारण ९० × १०० सेंमी. छाती आणि पोट मोकळं.

पावलंही मोकळी ठेवा. पाठीवर झोपलेलं असताना पावलांवर वजन आलं की टाचा गादीत रुततात आणि बोटं खाली दाबली जातात. त्वचा पातळ झालेली असेल, मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर टाचेवर दाबाची जखम होते आणि माणसाला ती कळतही नाही. पहिले काही दिवस सकाळी टाचा, घोटे, गुडघ्यांच्या बाजू आणि माकडहाड तपासा. लाली दिसली आणि अर्ध्या तासात गेली नाही, तर वापर बंद.

रात्री लघवीला उठणाऱ्या माणसाचा सगळ्यात मोठा धोका पडण्याचा. अर्धवट झोपेत ब्लँकेट पायात घेऊनच उठायला जातात आणि ते साध्या चादरीसारखं सुटून येत नाही. त्यांच्यासाठी चाचणीला आणखी एक टप्पा जोडा : आडवं असताना ब्लँकेट बाजूला सारणं, उठून बसणं, दोन्ही पाय जमिनीवर टेकणं, हे सगळं अंधारात, एकट्याने जमलं पाहिजे.

स्मृतिभ्रंश असेल तर विशेष विचार करा. ब्लँकेट काढायचं कसं हेच आठवत नसेल, तर त्या माणसाला बांधून ठेवल्यासारखंच होतं. अशा वेळी दिवसा खुर्चीत, कुणी शेजारी असताना मांडीवर ठेवण्याइतकाच उपयोग करावा.

उशाशी_पुस्तक

कुठल्या आजारांत वापरू नये याची यादी कुणी द्याल का?

शुश्रूषा

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, अशा अवस्था : घोरण्याबरोबर श्वास थांबण्याचा त्रास (स्लीप ॲप्निया), दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, हृदय कमकुवत होऊन पायांवर सूज, रक्ताभिसरणाचे विकार, फिट्स येणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, ठिसूळ हाडांमुळे मणका दबणं, उघड्या जखमा किंवा नाजूक त्वचा. स्नायू ढिले, कमजोर असलेली मुलं यातच धरा. मुलाचं वय बारा असलं तरी त्याला ते ढकलता येत नसेल, तर वयाला अर्थ नाही. बंद जागेची भीती असणाऱ्यांना वजन आवडत नाही, त्यांना आग्रह करू नये.

गरोदरपणात पोटावर वजन नको. कुशीवर झोपून फक्त मांड्या-पायांवर घेतलं तर अनेकींना बरं वाटतं, पण तेही विचारूनच.

झटपट

एवढे धोके आहेत तर मुळात घ्यायचंच कशाला? आणि उपयोग होतो याला पुरावा काय?

जागरण

रास्त प्रश्न. पुरावा आहे, पण वयानुसार वेगळा आहे.

प्रौढांत : २०२० मध्ये स्वीडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्य, बायपोलर (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार), चिंता किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) यांच्या जोडीला निद्रानाश असलेले १२० जण. एका गटाला धातूच्या साखळ्यांचं जड ब्लँकेट, दुसऱ्याला प्लास्टिकच्या साखळ्यांचं हलकं. चार आठवड्यांनी जड ब्लँकेटवाल्यांच्या निद्रानाशात स्पष्ट सुधारणा दिसली. याची मर्यादा म्हणजे जड कुठलं ते अंगावर घेताक्षणी कळतं, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. २०२२ मध्ये उप्साला विद्यापीठातल्या अभ्यासात २६ निरोगी तरुणांनी शरीराच्या वजनाच्या १२ टक्क्यांचं ब्लँकेट घेतलं, तेव्हा झोपेआधी लाळेतलं मेलॅटोनिन (झोपेशी संबंधित संप्रेरक) २.४ टक्क्यांच्या हलक्या ब्लँकेटपेक्षा जास्त वाढलं. झोपेचा एकूण वेळ मात्र वाढला नाही.

मुलांत : २०१४ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात ऑटिझम असलेल्या ५ ते १६ वर्षांच्या ६७ मुलांचा अभ्यास आला. मुलांनी जड आणि साधं अशी दोन्ही ब्लँकेट आळीपाळीने वापरली. उपकरणाने मोजलेल्या झोपेत फरक पडला नाही. तरीही मुलांना आणि पालकांना जड ब्लँकेट जास्त आवडलं.

यातून माझा निष्कर्ष असा, की मुलाला आवडतं म्हणून द्या, 'याने झोप वाढेल' या अपेक्षेने नको. आवडत नसेल तर लगेच काढून घ्या, कारण ते सोसून पुढे काही मिळेल असं दिसत नाही. आणि दहा टक्के हा आकडा वापरातून रुळलेला आहे. आठ आणि बारा टक्के यांतलं चांगलं कुठलं हे कुणी पक्कं दाखवलेलं नाही, तेव्हा हलक्या बाजूला राहण्यात तोटा नाही.

तराजू

जागरण यांच्या शेवटच्या वाक्याला आकड्यांचा आधार देतो. चौरस मीटरला ३ किलो म्हणजे सुमारे ३० पास्कल दाब. रक्तदाब मोजतात त्या पाऱ्याच्या भाषेत ०.२ मिलिमीटरच्या आसपास. पायांच्या सुजेसाठी घालतात त्या घट्ट मोज्यांचा दाब १५-२० मिलिमीटर किंवा जास्त असतो. म्हणजे त्वचेवर सरासरी दाब फारच थोडा असतो. जाणवतं ते सगळीकडून एकसारखं टेकल्यामुळे. दोन किलो आणखी घातले तरी दाब थोडासाच वाढतो, पण उचलायला मात्र दोन किलो जास्त. उंचवट्यावर, म्हणजे गुडघे, पावलांची बोटं, तिथे ताणलेलं ब्लँकेट मोजक्या जागेवर टेकतं आणि सरासरीच्या कितीतरी पट दाब येतो. शुश्रूषा यांनी पावलांबद्दल लिहिलं ते म्हणूनच.

९६ किलोच्या माणसाचं उत्तरही यातच आहे. दहा टक्क्यांनी ९.६ किलो येतात. वजन वाढलं म्हणून अंगाचं वरचं क्षेत्रफळ त्या प्रमाणात वाढत नाही, ताकदही नाही. वजन जास्त असणाऱ्यांत स्लीप ॲप्नियाचं प्रमाणही जास्त असतं. तिथे ७ ते ८ किलोवर थांबावं आणि मोठमोठ्याने घोरणं असेल तर आधी तपासणी करून घ्यावी.

निवांत

दोघांच्या बेडवर एकच ब्लँकेट, याचं उत्तर राहिलं. स्पष्ट नाही! ५८ आणि ९६ यांची बेरीज करून दहा टक्के काढले की १५ किलोंचं ब्लँकेट येतं. ते एकट्याला उचलता येत नाही, धुता येत नाही. एकाने कूस बदलली की वजन दुसऱ्याच्या अंगावर घरंगळतं. दोन वेगळी घ्या, दोन्ही अंगापुरत्या रुंदीची. वरून दोघांना मिळून एक साधी हलकी चादर घेतली की दिसायला एकच पांघरूण.

उष्मा

उकाड्याचं कुणीच बोललं नाही! तक्रार येते ती बहुतेक वेळा वजनाची नसून गरम होण्याची असते. आतला पॉलिस्टरचा थर आणि बाहेरचं लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड, या दोन्हींनी घाम अडकतो. सुती किंवा बांबूच्या धाग्याचं कापड, आतला थर पातळ, भरण काचेचं, असं बघावं. जाड दोरखंडासारख्या धाग्याने विणलेली, मण्यांशिवायची ब्लँकेटही मिळतात. त्यांचं वजन धाग्याचंच असतं आणि विणीतून हवा खेळते. पण लहान मुलांना ती नकोत, सैल विणीत बोटं अडकतात. वृद्धांच्या पायाच्या नखांनाही तोच त्रास.

रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून वाफा येत असतील तर पूर्ण ब्लँकेटपेक्षा गुडघ्यांपर्यंतचं छोटं घेणं सोयीचं. चटकन बाजूला टाकता येतं.

सुईदोरा

भरणाबद्दल. काचेचे मणी साधारण १ मिमीचे, जवळपास वाळूसारखे. प्लास्टिकचे दाणे ३ ते ५ मिमीचे. समान वजनाला प्लास्टिक काचेच्या अडीच पट जागा घेतं. १० × १० सेंमीच्या कप्प्यात २१ ग्रॅम काच पसरली तर जेमतेम दीड मिमीचा थर होतो, तेच प्लास्टिक साडेतीन मिमीचं होतं आणि कूस बदलताना करकरतं. आवाजाने दचकणाऱ्या मुलांना काच बरी. पण काचेचा मणी उसवलेल्या टाक्यातून सहज गळतो, म्हणून आतली पिशवी घट्ट विणीच्या कापडाची हवी. ज्या घरात सगळं तोंडात घालणारं लहान मूल आहे, तिथे कुठलंच भरण सुरक्षित नाही.

तेरा वर्षांच्या मुलीचं घरी शिवायचं असेल तर हिशेब देते.

तयार माप १०५ × १५५ सेंमी. कापड १०८ × १५८ सेंमीचे दोन तुकडे. चारही बाजूंना दीड सेंमी शिवणीत जाईल आणि अडीच सेंमीची रिकामी कड राहील. सुती कापड आणि आतला पातळ थर मिळून साधारण ८५० ग्रॅम होतात. एकूण ४ किलो हवेत, म्हणजे मणी ३ किलो १५० ग्रॅम. आडवे १० आणि उभे १५ असे १५० कप्पे, प्रत्येकात २१ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा २१ ग्रॅम मोजून छोट्या मापावर खूण करून घ्या, म्हणजे दर वेळी तोलायला नको.

आतला थर एका तुकड्याला आधी जोडून घ्या. सुलट बाजू समोरासमोर ठेवून तीन बाजू शिवा, उलटवा, आणि त्याच तीन बाजूंना कडेपासून अडीच सेंमीवर दुसरी टीप मारा. मग उभ्या नऊ टिपा, दहा-दहा सेंमीवर. दहा नळ्या तयार होतात. प्रत्येक नळीत एक माप मणी, हलवून तळाला बसवा, दहा सेंमीवर आडवी टीप. पुन्हा मणी, पुन्हा टीप. शेवटची ओळ भरली की तोंड दुमडून दोन टिपा.

बिघडतं ते आडव्या टिपेत. एखादा मणी सुईखाली आला की सुई तुटते, म्हणून टिपेच्या रेषेखाली दोन सेंमीवर आडव्या टाचण्या लावून मणी खाली अडवून धरा. सुई १०० क्रमांकाची, जीन्सची. दोरा पॉलिस्टरचा, टाका दोन ते अडीच मिमी. त्याहून लांब टाक्यातून मणी निसटतो. जसजसं भरत जाईल तसतसं वजन मशीनवरून खाली ओढायला लागतं आणि सुई वाकते, त्यामुळे मशीनशेजारी त्याच उंचीचं टेबल हवंच. कप्पे १५ सेंमीचे करण्याचा मोह आवरा. मोठ्या कप्प्यात सगळे मणी एका कोपऱ्यात गोळा होतात आणि अर्धं ब्लँकेट रिकामं राहतं.

उशाशी_पुस्तक

धुण्याचं काय? ७ किलोच्या मशीनमध्ये ७ किलोचं ब्लँकेट चालेल ना?

निवांत

चालणार नाही. मशीनवरचा आकडा कोरड्या सुती कपड्यांचा असतो, ते ड्रममध्ये सगळीकडे पसरतात. ब्लँकेट एका बाजूला गोळा होतं, पाणी पिऊन आणखी जड होतं आणि पिळताना ड्रम तोल सोडतो. मशीनच्या क्षमतेच्या साधारण निम्म्या वजनापर्यंतच धुवा. त्याहून जड असेल तर मोठ्या मशीनवर किंवा टबमध्ये. थंड ते कोमट पाणी, सौम्य साबण, ब्लीच नाही. दोरीवर वाळत घालू नका. ओले मणी खालच्या शिवणीवर लटकतात आणि पहिल्यांदा तीच उसवते. आडवं पसरून, मधूनमधून उलटून वाळवा. प्लास्टिकच्या दाण्यांना गरम ड्रायर चालत नाही.

मोठ्यांच्या ब्लँकेटला वेगळी खोळ जरूर घ्या, म्हणजे आतलं क्वचितच धुवावं लागतं. खोळीला आतून निदान आठ ठिकाणी ब्लँकेट बांधायच्या नाड्या हव्यात, नाहीतर सगळं वजन पायाशी घसरतं.

स्पर्शरेषा

सवय लावण्याबद्दल थोडं. पहिल्याच रात्री खांद्यापर्यंत ओढू नये. दोन-तीन दिवस फक्त पायांवर, दिवसा, दहा-पंधरा मिनिटं. मग कमरेपर्यंत. त्रास नसेल तर मोठ्यांनी आठवडाभराने छातीपर्यंत. मुलांच्या बाबतीत झोप लागली की मोठ्या माणसाने ते काढून साधं पांघरूण घालावं, निदान पहिले काही आठवडे. वाढत्या वयासाठी जड घेऊन ठेवणं तर नकोच. आज जड आहे ते आजच धोक्याचं आहे. मुलीचं वजन वाढलं तर चार किलोंचं ब्लँकेट तिला पुढेही चालेल.

प्रश्नचिन्ह

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरतंय : मुलाला लॅप पॅड, मुलीला १०५ × १५५ मध्ये ४ किलो घरी शिवून, प्रौढांना १२० × १८० मध्ये साडेपाच आणि साडेसात किलो अशी दोन वेगळी, आणि आजींना कमरेखालचं २ किलोचं, तेही डॉक्टरांशी बोलून. यात कुठे चूक वाटते का?

शुश्रूषा

एकच बदल. आजींचं कापड गडद रंगाचं नको, फिकट घ्या. कडेला चादरीपेक्षा वेगळ्या रंगाची पट्टी लावा, म्हणजे रात्रीच्या दिव्यात ब्लँकेट कुठे संपतं ते दिसतं आणि पाय अडकत नाही.

तराजू

विकत घेतलेली आली की वजन स्वतः करा. ब्लँकेट हातात घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग ब्लँकेटशिवाय, आणि वजाबाकी. लेबलवरचा आकडा खोळीसकट आहे की खोळीशिवाय हे बरेचदा लिहिलेलं नसतं, आणि खोळच अर्धा ते एक किलो भरू शकते.

सुईदोरा

आणि वजन करून झालं की गडद चादरीवर पसरून चारही कोपरे धरून झटका. चादरीवर मणी सांडलेले दिसले तर कुठल्या कप्प्यातून आले ते शोधून तिथे दुहेरी टीप मारा, किंवा सरळ परत करा. मुलांच्या वस्तूंची हीच तपासणी प्रत्येक धुण्यानंतरही करायची.